रिकाम्या आकाशातला खड्डा

अगं, ऐक तर! आमची ताई रेडिओ दुर्बिणीवर होती. रीत अशी: पाच मिनिटं दीर्घिकेकडे बघायचं, पाच शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे, मग पहिल्यातून दुसरं वजा करायचं. आलेखात उरलेला उंचवटा म्हणजे दीर्घिकेचा हायड्रोजन वायू. पण पडद्यावर आला चक्क खड्डा! “यंत्राचा बिघाड. टाकून दे, पुन्हा घे,” म्हणत तिचे मार्गदर्शक सर जेवायला गेले. ताईची ट्यूब पेटली. दुर्बीण चालवणाऱ्या काकांना म्हणाली, “खड्डा म्हणजे वजा केलेल्या जागेतच वायू जास्त! रिकाम्या आकाशात ढग लपलाय!” काका चक्रावले. “पोरी, दहाच मिनिटं उरलीत. पुढचा नंबर वर्षानं. दीर्घिका धरू की तुझा ढग?” दीर्घिका राहिली, तर ताईचा प्रबंध वर्षभर लटकणार. तरी ती म्हणाली, “ढग, काका!” दुर्बीण करकरत वळली, तोच दारात सर उभे. सांग, तू सरांना काय सांगितलं असतंस?