या हं!

वारज्याच्या फ्लॅटमध्ये दिगंबरराव रोज जेवण झालं की टीव्हीवर बोका आणि उंदराचं कार्टून लावायचे. नात बंगळुरूला गेली, तरी तिनं लावलेली सवय काही सुटली नव्हती. भाग संपताना उंदीर हात हलवून निरोप घ्यायचा. निघालेल्याला ‘जा’ म्हणायचं नसतं, हे दिगंबररावांच्या अंगात मुरलेलं. तेही हात हलवून म्हणायचे, “या हं!”

“माझ्या भावाला कधी इतक्या प्रेमानं म्हणाला नाहीत,” आनंदीबाई टोमणा मारायच्या.

आज त्यांनी नवऱ्यापुढे चकली धरली. तिची कड बारीक दातांनी कुरतडलेली होती.

“अहो, घरात उंदीर शिरलाय.”

“म्हणजे भाजणी जमली म्हणायची,” दिगंबरराव म्हणाले आणि त्यांनी कार्टून लावलं.

पडद्यावर आज बोका एकटाच होता. त्यानं गालिचा उलटला, बरणीत डोकं अडकवून घेतलं, तवा स्वतःच्याच पायावर पाडला. हसता हसता दिगंबररावांना ठसका लागला. उंदीर मात्र कुठेच दिसेना.

शोधता शोधता बोका थबकला. त्यानं मान वळवून आनंदीबाईंच्या हातातल्या चकलीकडे पाहिलं. मग तो पार काचेपर्यंत आला, मिशा नीट केल्या, पंजे जोडले आणि अदबीनं विचारलं, “येऊ का?”

“या, या!” दिगंबरराव सवयीनं बोलून गेले.

पडदा रिकामा झाला.

आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात इवलंसं काहीतरी थरथरायला लागलं.