गौण पात्र

"संघर्षाशिवाय जगात एकही कथा जन्माला आलेली नाही!" आहेर मॅडमनी दोन्ही हात पसरून सबंध वर्गाला सांगितलं. सबंध वर्ग म्हणजे निफाडहून येणारा महेश. नाशिकच्या त्या कॉलेजात मराठी घेतलेला तो एकटाच उरला होता. तो होता म्हणून विषय होता, आणि विषय होता म्हणून तासिका तत्त्वावरच्या मॅडम होत्या. प्राचार्यांनी हे त्यांना कालच हसतहसत समजावलं होतं.

मॅडम जीव ओतून शिकवत होत्या. कथानक झालं, वातावरण झालं, पात्रं आली. वर्षभर गप्प बसलेल्या महेशनं, वर्गात एकटा असूनही, हात वर केला.

"मॅडम, गौण पात्र मधूनच निघून गेलं तर कथेचं काय होतं?"

मॅडमना भरून आलं. इतका चांगला प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता.

"काही होत नाही रे. कथा चालू राहते. वाचकाच्या लक्षातसुद्धा येत नाही."

"बरं झालं. मला लय टेन्शन आलं होतं." महेशनं बॅगेतून दाखल्याचा अर्ज काढला. "सातपूरला कंपनीत लागलोय, मॅडम. इथं तेवढी सही करता का? मित्र खाली गाडी चालूच ठेवून थांबलाय."