बाल्टिमोरचं घड्याळ

"आडवं करू नका. आधी लंबक काढा, मग वजनं," तन्मय म्हणाला.

सामान हलवायला आलेल्या दोघांनी माना डोलावल्या. सिंगापुरातल्या सेम्बावांगच्या फ्लॅटमधलं बाकी सगळं गेलं होतं. महिन्यापूर्वी बाबा गेले आणि आजपासून आई टॅम्पिनीसला तन्मयकडे राहणार होती. भिंतीशी उरलं होतं ते माणसाहून उंच अमेरिकन घड्याळ. ते मात्र आंग मो किओला, स्वप्नालीताईकडे चाललं होतं.

तन्मयने त्याखेरीज काहीच मागितलं नव्हतं.

घड्याळाची गोष्ट त्याला तोंडपाठ होती. पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतकरी घराण्यात ते बापाकडून लेकराकडे, पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. शेवटच्या म्हाताऱ्याला मूलबाळ नव्हतं. त्याने ते प्रकाशकाकांना दिलं, एका अटीवर. विकायचं नाही, आपल्या लेकराला द्यायचं. प्रकाशकाका बाबांचे बोटीवरचे जिवलग मित्र. बोट सोडून बाल्टिमोरला स्थायिक झालेले. एका हिवाळ्यात बर्फावरून गाडी घसरली आणि काका-काकू दोघंही जागीच गेले. त्यांचं तिथे दुसरं कुणी नव्हतं. बातमी कळताच आई-बाबा विमानाने गेले, सगळं निस्तरलं आणि घड्याळ घरी आणलं. ताई तेव्हा तान्ही होती. तन्मय जन्मायचा होता.

दर रविवारी बाबा हाक मारत, "स्वप्ना, किल्ली द्यायची ना?" ताई स्टुलावर चढे, बाबा तिला धरून उभे राहत. तन्मयने एकदा किल्ली उचलली तर त्यांनी ती हळूच काढून घेतली. "ते ताईचं काम आहे, बाळा." रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीदा तरी वाटलं.

बाबांच्या आजारपणात हॉस्पिटलमध्ये उशाशी तोच होता. तोंड पुसायचा, पेज भरवायचा. आणि जरा शुद्ध आली की बाबा विचारत, "ताईला विचार रे, घड्याळ चालू आहे ना?"

आता लंबक निघाला आणि टिकटिक थांबली. खोली एकदम मोठी वाटायला लागली. आई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

माणसांनी घड्याळ ब्लँकेटात गुंडाळून लिफ्टकडे नेलं. ताई त्यांच्या मागे निघाली, तसा तन्मय दारात आडवा आला.

"ताई, एक विचारायचं होतं. भांडण नाही."

"विचार."

"हे बापाकडून लेकराकडे जातं, असं बाबाच सांगायचे. तूही त्यांचीच, कबूल. पण मला साधी किल्लीसुद्धा कधी फिरवू दिली नाही. मी कोण होतो त्यांचा?"

"तन्मय, पुरे," आई वळून म्हणाली.

"बोलू दे त्याला, आई." ताईने पर्स खाली ठेवली. तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. "बाबा तुला कमी लेखत होते असं वाटत आलं तुला?"

तो दारातून बाजूला सरला.

"मला अठरावं लागलं तेव्हा त्यांनी समोर बसवून सांगितलं. तुला सांगू नका, असं मीच म्हटलं. मला माझा भाऊ हवा होता, जसा होता तसाच."

"काय सांगितलं?"

ताईने त्याच्या गालावरून हात फिरवला.

"घड्याळ प्रकाशकाकांचं होतं, तनू. ते त्यांच्याच मुलीकडे चाललंय."