आठ बाटल्या उरल्या

"ताप उतरला ना? मंग सुट्टी द्या," रुख्मा सिस्टरला म्हणाली आणि सुनेच्या खाटेखालचं सामान पिशवीत कोंबायला लागली.

सून चेतना भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजत होती. सिझरचे टाके पिकले म्हणून आठवड्यापूर्वी तिला परत दवाखान्यात आणलं होतं. चार दिवस एकही औषध लागू पडलं नाही. मग पुवाचा रिपोर्ट आला.

तो कागद सिस्टरनं पुन्हा रुख्मासमोर धरला. "एकोणीस औषधं आहेत, मावशी. अठरांना हिच्या अंगातले जंतू दाद देत नाहीत. एकच उरलंय, तेच टोचतोय. सात दिवसांचं आहे, आत्ता तीन झाले. अर्ध्यावर सोडलं तर उरलेले जंतू यालाही पुरून उरतील."

"अठरा काऊन नाही लागत?"

सिस्टरनं पिशवीतून डोकावणाऱ्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याकडे बोट केलं.

त्या डब्यावर रुख्माची अख्खी गल्ली जगत होती. ताप उतरला की राहिलेल्या गोळ्या डब्यात. कोणाचं लेकरू खोकललं, कोणाच्या पायात काटा मोडला, की रुख्मा डबा उघडायची. जखम असली तर कॅप्सूल फोडून भुकटी वरून भुरभुरायची. चेतनाच्या टाक्यांवरही तिनंच टाकली होती. मायेनं.

"म्या का चोरून आनल्या?" रुख्मा उसळली. "साधी सर्दी झाली तं तुमचेच डॉक्टर गोळ्यायचे चार-चार पत्ते लिहून देत. तवा कोनी नाही बोललं."

"माह्यावालाबी रिपोर्ट असाच आला म्हनते," बाजूच्या खाटेवरून सुशिलाबाई म्हणाली. तिच्या पायाला प्लास्टर होतं, त्यातून घाण वास येत होता.

"आता सांगा," रुख्मा सिस्टरकडे वळली. " हे बाई नुसता पाय मोडून आली. हिनं कोनता डबा आनला होता?"

बेसिनचा नळ परवापासून कोरडा होता. सकाळपासून सिस्टरनं एकाच हातमोज्यानं सहा जणींच्या जखमा पुसल्या होत्या, आणि रुख्मानं ते मोजलं होतं.

डॉक्टर आले. 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत' अशा कागदावर उभ्या-उभ्या रुख्माच्या लेकाची, खुशालची सही घेतली आणि पुढं गेले. खाट त्यांना हवीच होती.

"चाल ना माय," खुशाल दारातून म्हणाला. "नहराले पानी सुटलं. धान रोवणाऱ्या बाया आज आपल्या बांधीत हायेत. उद्या त्या दुसऱ्याच्या बांधीत जातीन, मंग आपला रोपाचा पऱ्हा उभ्यानं पिवळा पडन."

सिस्टरनं शेवटचा प्रयत्न केला. "मावशी, एवढं तरी ऐका. हे शेवटचं औषध आहे. याच्या पुढं आमच्याकडे काही नाही. कुणाकडेच नाही."

रुख्माचा हात थांबला. हे तिला पटलं.

"शेवटचं?"

"शेवटचं."

"मंग तं जपूनच वापरा लागन."

तिनं खाटेजवळच्या टेबलावरचा इंजेक्शनचा खोका उचलला. चौदातल्या सहा बाटल्या संपल्या होत्या. उरलेल्या आठ तिनं एकेक करून डब्यात ठेवल्या आणि झाकण दाबलं. "गल्लीत कोनाले लागन, सांगता येते का? आमच्या गावचा कवडू सुई टोचून देते."

सिस्टरनं डब्याकडे हात नेला. रुख्मानं डबा काखेत घेतला. बाटल्यांचे पैसे तिच्या घरचे होते.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. ऑटोत बसेपर्यंत खुशालचा सदरा पाठीला चिकटला. रुख्माच्या एका काखेत बाळ होतं, दुसऱ्या काखेत डबा. ऑटो सुरू झाला तशी चेतनानं पदर गळ्यापर्यंत ओढून घेतला. तिचे दात वाजत होते.

"आई, थंडी वाजून राहिली."

रुख्मानं तिच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसावा तसा काढून घेतला.

"काही नाही होत, बाई. आपल्यापाशी हाय ना," ती म्हणाली आणि डबा हलवून दाखवला.

आत काचेवर काच वाजली.