विश्वासाचा काटा

हॉस्पिटलच्या खोलीत कारकूनबाईंनी शैलेशच्या कपाळावरची पट्टी घट्ट केली आणि पडद्यावर पुन्हा एकेक चेहरा दाखवला. धाकट्या भावाच्या, मंगेशच्या चेहऱ्यावर विश्वास मोजणाऱ्या यंत्राचा काटा जेमतेम हलला. घटस्फोट दिलेल्या बायकोच्या, नीलांबरीच्या चेहऱ्यावर थेट टोकाला गेला.

"बाई, यंत्र बिघडलंय हो," मंगेश म्हणाला.

"तिसऱ्यांदा लावलंय, साहेब. तोंडाने सांगता येत नसेल, तर मेंदूचा ज्याच्यावर विश्वास, तोच त्याच्या वतीने सही करणारा मुखत्यार. कायदाच आहे तसा," कारकूनबाई म्हणाल्या.

शैलेशला सगळं कळत होतं, फक्त वाचा आणि हालचाल गेली होती. बारा वर्षांपूर्वी नीलांबरीनेही त्याला मुखत्यार केलं होतं, तेही यंत्राशिवाय. त्याच कागदाच्या जोरावर त्याने तिच्या आईचं वाईचं घर विकलं. विचारलं नव्हतं असं नाही. आईचे दिवस नुकतेच झाले होते, नीलांबरीच्या तोंडून शब्द फुटेना. "बोलत नाहीस, म्हणजे हो समजतो," तो म्हणाला होता.

पलंगाशी उभ्या असलेल्या नीलांबरीने मुखत्यारपत्रावर अंगठा उमटवला, त्याची उशी नीट केली आणि पर्समधून घड्या पडून जुना झालेला कागद काढला.

"पेपरात तुमच्या नावाने जाहीर नोटीस द्यायचीय. वाचते हं. 'मी, शैलेश दिघे, बायकोच्या विश्वासाचा गैरफायदा घेऊन तिचं घर विकलं...'"

"वहिनी, दादाची अब्रू जाईल!"

"त्यांनाच विचारू या की." ती शैलेशजवळ वाकली. "काही चुकलं असेल तर सांगा."

तिने घड्याळ लावून दोन मिनिटं वाट पाहिली.

"बोलत नाही तुम्ही, म्हणजे हो समजते," ती म्हणाली आणि त्याच्या वतीने सही केली.