चंबूतली जोडी

"आत येऊ नका, सर!"

ती ओरडली तेव्हा सरांचा एक पाय आत पडला होता. दुसरा पाठोपाठ आलाच. स्वतः उभारलेल्या प्रयोगशाळेत परवानगी मागायची त्यांना सवय नव्हती.

"अगं, नुसतं बघतो. हात लावत नाही."

चंबू निवत होता. आतलं द्रावण अजून नितळ होतं. सरांनी शोधलेलं औषध गुणाचं, पण पाण्याशी त्याचा उभा दावा. गोळी पोटात जायची आणि आली तशी निघून जायची. तिने त्याला पाण्याशी जमवून घेणारा जोडीदार शोधून दिला होता. दोघं मिळून एकच स्फटिक बांधत आणि तो चटकन विरघळे. पण संसार नाजूक. जुन्या औषधाचा एक कण चंबूत पडला, तरी औषध जोडीदाराला टाकून आपल्या गोतावळ्यात परत जाई. म्हणून जुनं औषध दळायच्या दळणखोलीतून येणाऱ्याने अंघोळ केल्याशिवाय इथे पाऊल ठेवायचं नाही, असा नियम दारावर लावलेला होता. खाली सही सरांची.

"कुठून येताय, सर?"

"दळणखोलीतून. कोट बदललाय, टोपी घातलीय. उगाच सासूबाई होऊ नकोस."

दाढीचा उल्लेख त्यांनी केला नाही. ती छातीपर्यंत होती आणि उघडी होती.

"काकू कशा आहेत?"

"डॉक्टर म्हणतात, हिला ही गोळी देणं म्हणजे खडे गिळायला लावणं. हिला नवं औषध द्यायची परवानगी आलीय. आज तुझं काही निघालं तर..." सर थांबले आणि दाढी कुरवाळू लागले. काळजीत असले की त्यांचा हात तिथेच जाई.

नव्या स्फटिकाचं विरजण लावायला तिने नुकतंच झाकण काढलं होतं. चमच्यावर चिमूटभर घेईपर्यंत सर चंबूवर वाकले.

"सर, मागे व्हा! आधी मागे व्हा!"

चंबू पांढरा झाला. वरून खाली, बघता बघता.

"आलं! बघ, आलं की नाही?" सरांचा आवाज फुटला. "मी हिला फोन करतो."

तिच्या चमच्यातली चिमूट चमच्यातच होती. तिने एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. नव्या स्फटिकाच्या सुया असतात. खाली जुन्या औषधाच्या विटा दिसल्या. विटाच विटा.

"फोन नका करू," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

सर वाकले. या विटा जगात सगळ्यात आधी त्यांनीच पाहिल्या होत्या. बराच वेळ ते वर आले नाहीत.

"माल किती उरलाय?"

"एका चंबूपुरता. पलीकडच्या खोलीत, झाकून ठेवलाय."

सरांनी मान हलवली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "कात्री आहे का गं?"

"इथे नको, सर. बाहेर."

ती कात्री शोधू लागली. दाराच्या काचेतून सर दिसत होते. आपल्याच सहीच्या कागदाशेजारी, दाढी मुठीत धरून उभे.