वधूचं जाकीट

पुतळ्याची कंबर फारच बारीक होती. लुत्सियाननं तिला दोन टॉवेल गुंडाळले, तरी परकर घसरतच होता.

"शहरातल्या दुकानातले पुतळे हे," तो वैतागून म्हणाला. "आपल्या गावात असली कंबर कुणाची होती, सांग बरं गेनिया?"

"माझ्या आईची," गेनिया, म्हणजे गेनोवेफा, म्हणाली आणि तिनं काळं मखमली जाकीट पुतळ्याच्या अंगावर चढवलं. बिनबाह्यांचं, छातीवर काचमण्यांची वेल. शाळा बंद पडून रिकाम्या झालेल्या त्या वर्गात असे अकरा पुतळे उभे होते. गावच्या जुन्या कपड्यांचं संग्रहालय रविवारी उघडायचं होतं. दोन वर्षं ही पाच-सहा माणसं लोकांचे माळे उपसत घरोघर हिंडली होती. पण दारासमोरचा मान या जाकिटाला. खालची चिठ्ठी गेनोवेफानं आईचं नाव घालून आपल्या हातानं लिहिली होती: ‘वधूचं जाकीट. आनिएलानं स्वतः शिवलं. १९४८.’ तिनं जन्मभर या डोंगरात टपाल वाटलं होतं. नावात चूक झालेली तिला खपत नसे.

"उघडं आहे का?" दारातून कुणीतरी विचारलं. डोक्याला रुमाल बांधलेली, दुपारच्या बसनं आलेली म्हातारी.

"रविवारी या, बाई."

"रविवारी मी नसेन. लांबून आलेय." ती आत आलीच. जाकिटापुढे थांबली आणि पिशवी तिनं हळूच जमिनीवर ठेवली. "हे आमचं आहे."

"सगळ्या गावाचंच आहे की," लुत्सियान हसला.

"आमचं म्हणजे माझ्या आईचं. परास्काचं. मी टेक्ला, तिची धाकटी. डावीकडचं अस्तर उलटून बघा. पिठाच्या पोत्याचा तुकडा लावलाय. त्यावर निळा कोंबडा आहे."

गेनोवेफाला उलटून बघायची गरज नव्हती. लहानपणी त्या कोंबड्यावरून तिनं कितीदा बोट फिरवलं होतं. ‘लढाईनंतर कापड मिळेना, म्हणून मी पोतं लावलं,’ आई सांगायची. दर शनिवारी चर्चमध्ये जाऊन बारीकसारीक पापं कबूल करणारी तिची आई.

सत्तेचाळीस साली सैनिकांनी हे गाव रिकामं केलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणाऱ्या, वेगळी बोली बोलणाऱ्या लेमको लोकांना मालगाड्यांत भरून देशाच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि त्यांच्या घरांत पुढे दुसरी माणसं राहायला आली. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण हे जाकीट ज्या पेटीत होतं, ती आईनं पाठीवर बांधून आणली होती, असंच गेनोवेफा ऐकत आली होती. मग ती पेटी कुणाची? ज्या पलंगावर तिचा जन्म झाला, तो कुणाचा?

"येताना आमच्या जुन्या घरावरून आले," टेक्ला म्हणाली. "नाशपातीचं झाड अजून आहे."

लुत्सियाननं गेनोवेफाला बाजूला ओढलं. "आज जाकीट मागतेय, उद्या घर मागेल. सांग तिला, असे कोंबडे तेव्हा घरोघर होते म्हणून."

आईला खोटं पाडावं, की या बाईला? गेनोवेफानं चिठ्ठी काढून एप्रनच्या खिशात टाकली आणि पुतळ्याच्या जाकिटाचे तारेचे आकडे सोडवायला घेतले. सगळे आकडे सुटल्यावर तिनं जाकीट टेक्लापुढे धरलं.

"घेऊन जा. माझी आई हे आपलं म्हणायची."

"गेनिया!" लुत्सियान ओरडला.

टेक्लानं ते हातात घेतलं. नाकाजवळ नेलं आणि तोंड वाकडं केलं. "नुसत्या डांबरगोळ्या." मग म्हणाली, "मी याचं काय करू? हे ओलेनाच्या मापाचं. माझी थोरली बहीण. जूनमध्ये तिचं लग्न ठरलं होतं. आईनं अख्खा हिवाळा दिव्याशी बसून मणी टाचले. आणि मे महिन्यात ते आले. दोन तास दिले आवरायला. आईनं गाय सोडली, पिठाचं पोतं उचललं, मला उचललं. हे राहिलं."

"आणि ओलेना?"

"झालं की तिचं लग्न, तिकडे. उसन्या कोटात. दुसऱ्याशीच. पहिल्याला कुठल्या गाडीत चढवला, कुणास ठाऊक."

लुत्सियान खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला. गेनोवेफाला वाटलं, आता ही बाई आरडाओरडा करेल. तसं झालं असतं तर बरं, निदान त्यावर काही उत्तर देता आलं असतं. पण टेक्लानं जाकीट पुन्हा पुतळ्याला घातलं आणि खांद्यावरची सुरकुती तळहातानं सपाट केली.

"तुमच्या आईनं घातलं होतं ना हे, लग्नात?"

"हो."

"नाचली का हो ती यात?"

आई सांगायची, उजव्या बुटाची टाच मोडेपर्यंत नाचले, सारंगीवाला दमला पण मी दमले नाही. गेनोवेफानं हे शेकडो वेळा ऐकलं होतं. पोत्याची गोष्टही तिनं शेकडो वेळाच ऐकली होती.

"नाचली," ती म्हणाली. "सकाळपर्यंत."

"बरं झालं," टेक्ला म्हणाली आणि खाली वाकून, सर्वांत खालच्या आकड्यापासून, जाकीट लावायला लागली.